चौसष्ट पावलं

ताईची घराची किल्ली तीन महिने माझ्या कपाटात होती. मीच ती काढून घेतली होती.

माझी ही थोरली बहीण आमच्याकडेच मुलुंडला राहते. तिची दृष्टी हळूहळू गेली. आता फक्त उजेड कळतो. तरी पांढरी काठी घेऊन आठवड्यातून तीनदा ती जवळच्या सोसायटीत मुलांना पेटी शिकवायला एकटी जायची. मग पाइप टाकायला आमचा फुटपाथ खोदला. चर ओलांडायला एकाच जागी फळी होती. मी आमच्या फाटकापासून फळीपर्यंत दोनदा चाललो. दोन्ही वेळा चौसष्ट पावलं. आकडा तिच्याकडून पाठ करून घेतला. दुसऱ्याच दिवशी ती चरात पडली, मनगट मोडलं.

"मोजण्यात चुकलीस," मी म्हणालो आणि किल्ली घेतली. शिकवणी बंद पडली.

मनगट जुळल्यावर माझ्या मुलीने तिच्यासाठी कॅमेऱ्याचा चष्मा आणला. समोर काय आहे ते तो हिंदीत बोलून सांगतो. खड्डा त्याला दर वेळी दिसेलच असं नाही, म्हणून काठी सोडायची नाही, असं मुलीने बजावलं. मी आठ दिवस घरात आणि आवारात त्याची परीक्षा घेतली. चाळीस वस्तूंपैकी तेहतीस त्याने बरोबर सांगितल्या. मग ताईला अट घातली : त्या सोसायटीपर्यंत एकटी नीट जाऊन दाखव, किल्ली परत देतो.

रविवारी सकाळी ती निघाली. दहा पावलं मागे मी. चष्म्याने विजेचा खांब सांगितला, उभी रिक्षा सांगितली; ती दोन्ही टाळून गेली. सवयीने मी आमच्या फाटकापासून तिची पावलं मोजत होतो. चर आता बुजवला होता, पण फळीची जागा मला पक्की ठाऊक होती. ताई तिथे पोचली तेव्हा माझा आकडा ऐंशी झाला होता.

माझं पाऊल पाऊण मीटरचं, तिचं साठ सेंटिमीटरचं. म्हणजे त्या दिवशी चौसष्ट पावलांनंतर ती फळीच्या साडेनऊ मीटर अलीकडेच वळली होती. तिने बरोबर मोजलं होतं.

सोसायटीच्या फाटकाशी ती थांबली. "ये पुढे. याला मागचं दिसत नाही, पण तुझ्या चपला मला ऐकू येतात."

"ताई, ती चौसष्ट पावलं माझी होती गं."

"माहीत आहे. हात प्लास्टरमध्ये असताना विचार करायला वेळच वेळ होता."

"मग बोलली का नाहीस?"

"दवाखान्यात तू दर दहा मिनिटांनी दुखतंय का विचारत होतास रे. त्यात आणखी हे कुठे सांगू? आणि सांगितलं असतं, तर टेप घेऊन माझी पावलं मापत बसला असतास."

मी खिशातली किल्ली तिच्या हातात दिली.

"आता मागे येऊ नकोस," म्हणाली आणि घराकडे वळली.

मी तिथेच थांबलो. बऱ्याच वेळाने घरी पोचलो तर दार लावलेलं होतं. माझी किल्ली खिशातच ठेवून बेल वाजवली आणि ती दार उघडेपर्यंत बाहेर उभा राहिलो.