मामांच्या पूर्वजांचा घोटाळा

माझ्या मामांइतका स्वतःच्या बापजाद्यांवर जीव टाकणारा माणूस वसई तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि त्या बापजाद्यांचा माझ्याइतका मोठा घोटाळाही कोणी केला नाही. पहिली गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे. दुसरी मी आज पहिल्यांदा लिहितोय.

मामा शाळेत इतिहास शिकवत, पण त्यांचा खरा विषय एकच: आपण कोण? उत्तरही तयार होतं. घारे डोळे, सरळ नाक आणि केळीच्या वाडीत आळं खणताना सापडलेलं एक पितळी बटण, एवढ्या पुराव्यावर त्यांनी आपला मूळपुरुष पोर्तुगीज कप्तान ठरवून टाकला होता. वसईच्या किल्ल्यात गेलं की पडक्या चर्चमधल्या एका झिजलेल्या थडग्यापाशी ते छत्री मिटून उभे राहत. त्यावरचं अक्षर देवालाही लागलं नसतं. "आजोबांना नमस्कार करा," असं ते आम्हा भाचरांना सांगत. एकदा माझ्या धाकट्या बहिणीने विचारलं, "मामा, हे आजोबा तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?" मामा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या त्यांनी इतक्यांदा चाळल्या की फादरांनी शेवटी ऑफिसात त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली. लग्नाच्या मांडवात लोक जेवणाकडे बघत, मामा नाकांकडे. आहेर देताना नवऱ्यामुलाची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे फिरवत आणि म्हणत, "हं. हे आईकडून आलंय. वडिलांचं काही दिसत नाही." हे वाक्य भरल्या मांडवात बोलू नये, असं मामी त्यांना जन्मभर सांगत राहिल्या.

या कप्तानाच्या घराण्यातली मुलगी, म्हणजे माझी आई, किनाऱ्यावरच्या एका कोळ्याशी लग्न करून गेली. दोन्ही घरांचा देव एक, चर्च एक, तरी मामांनी बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही. बाबांचा उल्लेख ते "तुझे वडील, ते होडीवाले" असा करत. आईने एकदा सणाला सांदणं करून पाठवली, तर म्हणाले, "तुमच्या घरून आलेल्या प्रत्येक वस्तूला वास येतो." तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ते वाक्य मी विसरलो नाही.

मामांची एकुलती मुलगी कॅनडात नर्स. दोन हजार सालानंतर कधीतरी तिने एक डबी पाठवली. गालाच्या आतून काडी फिरवायची, कुपीत घालायची आणि परदेशी पाठवायची. मग ते लोक सांगतात की तुमच्या बापाचा बाप, त्याचा बाप, असे हजारो वर्षांपूर्वीचे बाप कुठून निघाले आणि कुठे कुठे पसरले. मामांना जणू कप्तानाचं पत्रच आलं. आंघोळ करून, चर्चमध्ये मिस्सा ऐकून, इस्त्रीचा सदरा घालून त्यांनी गाल खरवडला. मी मुंबईला नोकरीला होतो, म्हणून कुरिअर करायचं काम माझ्याकडे आलं.

तो शनिवार होता. असली वस्तू सोमवारपर्यंत थंड जागी ठेवावी असं मला वाटलं, आणि आमच्या घरात थंड जागा म्हणजे बाबांची बर्फाची पेटी. रविवारी बाबांनी त्यावर दोन मोठे घोळ मासे आणि टोपलीभर पापलेटं ओतली. सोमवारी बघतो तर कुपीचं झाकण निसटलेलं, आत माशांचं पाणी. आता मामांचा मूळपुरुष मासा निघणार, या कल्पनेने आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. मामांना सांगितलं असतं तर ते पुन्हा तेच वासाचं वाक्य बोलले असते. डबीत एक जादा काडी आणि कुपी सीलबंद पाकिटात होती. ती काडी मी माझ्या गालात फिरवली. हा वंश फक्त बापाकडून मुलाकडे जातो, असं फॉर्मवर ठळक छापलेलं होतं. मामाचा भाच्याशी तिथे काही संबंध नाही. मी ते वाचलं, खाली मामांचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

दोन-तीन महिन्यांनी नकाशा आला. तांबडी रेघ आफ्रिकेतून निघालेली, अरबस्तानाच्या कडेकडेने हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आलेली. पोर्तुगालच्या आसपासही नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हे लोक समुद्राच्या काठाने, शिंपल्या-कालवं खात चालत आले. मामी म्हणाल्या, "म्हणजे कोळीच की वो!"

आठवडाभराने मामा एका संध्याकाळी आमच्या दारात उभे राहिले. आईच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती.

"भावोजी, कालवं आहेत का?"

बाबा जाळं सोडून उठले. "आधी पानी घ्या, मास्तर. कालवं कुठं पलत नाय."

मामा पाणी प्यायले. आई स्वयंपाकघरातून बराच वेळ बाहेरच आली नाही.

त्यानंतर मामा दर रविवारी यायला लागले. कप्तानाच्या जागी आता ही चालत आलेली माणसं आली. बोळिंजला फ्लॅट बघायला आलेल्या अनोळखी कुटुंबाला थांबवून ते म्हणत, "तुम्ही आज आलात. आम्ही चालत आलो!" एकदा होडीवरही गेले आणि पूर्वजांनी काठानेच चालणं का पसंत केलं, ते ओकाऱ्या काढत बाबांना समजावून सांगितलं. बाबा कालवं फोडून त्यांच्या पुढ्यात ठेवत, नकाशाकडे बघत आणि म्हणत, "लई चालले हो तुमचे लोक, मास्तर." मामा माझ्या बाबांना त्यांचेच पूर्वज ऐकवत होते, बाबा कौतुकाने ऐकत होते, आणि मी मान खाली घालून जेवत होतो.

बाबा गेले तेव्हा मामा चर्चमध्ये माझ्या काकांच्या रांगेत बसले, भाऊकीतला माणूस बसावा तसे. ते मला सोसवलं नाही. दफनाहून परतताना मी त्यांना सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

मामा चालायचे थांबले. "म्हणजे ती वाट भावोजींची?"

"हो."

"त्यांना सांगितलंस कधी?"

"नाही."

"मग माझी माफी कसली मागतोस? मी तर फुकट मिरवून घेतलं. त्यांची माणसं त्यांच्या समोर माझी म्हणून सांगितली, आणि तो माणूस मला कालवं फोडून देत राहिला." मग म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नकोस."

मी नवी डबी मागवतो म्हणालो. मामांनी हात झटकला. "राहू दे रे. भावोजींचा मेहुणा आहे, एवढं पक्कं ठाऊक आहे मला." पुढच्या रविवारी ते आले आणि आईने वाढलेलं जेवले. पूर्वजांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. जाताना नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. वरचं स्वतःचं नाव खोडून तिथे त्यांनी शाळामास्तरी वळणदार अक्षरात बाबांचं नाव लिहिलं होतं.

आता मामाही नाहीत, आईही नाही. मामांना भाऊ नव्हता, मुलगा नव्हता. बाप्तिस्म्याच्या वह्यांमध्ये त्यांच्या घराण्याची दुसरी शाखाही कधी सापडली नव्हती. त्यांची माणसं कुठून निघाली आणि कोणत्या रस्त्याने वसईला आली, ते कळायची सोय त्यांच्याबरोबर मातीत गेली. परवा कॅनडाहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "पप्पांचा तो नकाशा तुझ्याकडे आहे का? मुलांना दाखवायचाय." शोधतो, म्हणालो. शोधायचं काहीच नाही, माझ्याच कपाटात आहे. आधी हे लिहिलेलं तिला पाठवतो.