खोपोलीत टर्नर मिळत नाही

कारखान्यात माणसं भरायचं काम करणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप जमतात. माणसं तेवढी जमत नाहीत! खोपोलीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात पंपांचे शाफ्ट बनतात. लेथवर ते कातून देणारा कारागीर म्हणजे टर्नर. आणि नेमका तोच गेली काही वर्षं कुठे मिळत नाही.

*

गेटवर 'टर्नर पाहिजे' असा बोर्ड लावला. तो इतका काळ राहिला, की शिळफाट्यावरचे रिक्षावाले आमच्या स्टॉपला तेच नाव देऊन मोकळे झाले. परवा शेअर रिक्षात एक मावशी चढल्या आणि म्हणाल्या, "टर्नर पाहिजेला सोड रं!" मी शेजारीच बसले होते. हसले आणि त्याच स्टॉपवर मीही उतरले.

*

आयटीआय झालेला एक मुलगा आला. मुलाखत त्यानंच घेतली!

"मॅडम, काम बसून हाय का उभ्यानं?"

"लेथवर उभंच राहावं लागतं."

"मग नाय जमायचं. उभंच ऱ्हायचं तर कर्जतला फार्महाऊसवर वॉचमन ऱ्हातो की. तितं स्विमिंग पूल तरी हाय!"

त्याचं काय चुकलं, ते मला अजून सांगता येत नाही.

*

मग शेठनी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं. दोन मुलांना खपून शिकवलं. शिकून झाल्यावर दोघंही पेढे घेऊन हजर. पलीकडच्या कारखान्यानं तसंच मशीन घेतलं होतं आणि दोघांना तिथे नोकरी लागली होती!

शेठनी पेढा तोंडात टाकला. म्हणाले, "चांगला आहे. आपलीच पोरं आहेत."

मशीनवर प्लास्टिक घातलं, ते अजून तसंच आहे.

*

शेवटी गाडी बबनमामांवर आली. आमचे जुने टर्नर. रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ, भाषणं, फोटो, सगळं झालं. पुढच्याच आठवड्यात त्यांना परत बोलावलं. वर्षभरानं पुन्हा निरोप, पुन्हा बोलावणं. तिसऱ्या समारंभाला मामा घरून शाल घेऊनच आले.

"मागलीच घाला मॅडम. घरी कोन वापरतंय!"

सगळे खो खो हसले. मी मात्र भाषण दोन वाक्यांत उरकलं. हे असं किती दिवस ओढणार, याची मला लाज वाटत होती. चार दिवसांनी मामा पुन्हा लेथवर उभे होते.

*

यंदा शेठनी स्पष्टच सांगितलं, "दिवाळीपर्यंत मामांच्या जागी माणूस मिळाला नाही, तर लेथ विकून टाकू. काम बाहेर देऊ." म्हणजे मामा तर घरी जाणारच, पण त्या सेक्शनचे मदतनीसही.

दिवाळी तोंडावर आली आणि एक उमेदवार आला. बबनमामांचा मुलगा, संदीप! 'लेथवर उभं ऱ्हायला घरातला मी एकटा बास,' म्हणत मामांनी त्याला कारखान्याच्या दारातसुद्धा कधी आणलं नव्हतं. बी.कॉम. केलं, मुंबईत ऑफिसात चिकटवलं. ती नोकरी गेल्यावर तो दहिवलीच्या एका वर्कशॉपात, घरी न सांगता, लेथ शिकला होता.

परीक्षेची आमची पद्धत ठरलेली. उमेदवारानं लोखंडाच्या तुकड्यावर स्क्रूसारखे आटे पाडायचे, मामांनी नट चढवून बघायचा. पास की नापास, ते मामा सांगणार. त्यावर शेठही बोलत नाहीत.

संदीपनं आटे पाडले. मामांनी नट लावला आणि एका बोटानं फिरवला. कुठे अडला नाही, डुगडुगला नाही, सरळ शेवटपर्यंत गेला. माझा जीव भांड्यात पडला. शेठना कळवायला मी मोबाईल काढला.

"नापास," मामा म्हणाले.

"अहो मामा, नट तर..."

"नापास हाय मॅडम. लिवा."

संदीपनं हात पुसले आणि तो गेटकडे चालायला लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मामा तिकडेच बघत होते. मग त्यांनी तो तुकडा स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवला.