टाच आधी

आमच्या गावात क्रीडा मंडळ निघालं तेव्हा खेळ नवे नव्हते, नियम नवे होते. त्याआधीही माणसं पळत, झोंबत, एकमेकांना पाण्यात ढकलत. पण त्याला कुणी खेळ म्हणत नसे. मंडळाने शिट्टी, झेंडी आणि छापील नियम आणले आणि पहिल्याच वर्षी चालण्याची शर्यत जाहीर केली. एक पाय सतत जमिनीवर हवा. दोन्ही सुटले की माणूस पळाला, म्हणजे बाद.

पंचांच्या हाती आयुष्यात प्रथमच झेंडी आली होती. ती त्यांनी इतकी मनापासून वापरली, की मैदानात परत शिरताना दोघेच उरले: पुढे पाववाला, मागे टेलर. शेवटच्या वळणावर पाववाल्यालाही झेंडी दिसली. टेलर एकटाच लंगडत आला आणि कप घेऊन गेला. त्याच्या पायात मेहुण्याने शिवलेले नवे बूट होते. ते असे चावत होते, की पळायचं मनात आलं असतं तरी पायांनी ऐकलं नसतं.

"कप माझ्या भावाच्या बुटांचा आहे," असं त्याची बायको तेव्हापासून म्हणत आली. लोक त्याला चॅम्पियन म्हणू लागले, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. त्याने दोन्ही सारख्याच नम्रतेने स्वीकारलं.

पुढे तो जन्मभर तसाच चालला. टाच आधी, गुडघा ताठ, कंबर झुलती. पाऊस आला की सगळा बाजार आडोशाला धावे. हा भिजत, पण नियमात. एका प्रेतयात्रेत तर तो मयताच्याही पुढे निघून गेला. पळायची सोयच नव्हती, कारण त्याच्या घरासमोरच पाववाल्याचं दुकान होतं. "त्या दिवशी याचेही दोन्ही पाय हवेत होते, पंच शिंकत होता म्हणून वाचला," हे पाववाल्याचं कायमचं म्हणणं. भट्टीकडे पाठ आणि टेलरच्या पायांकडे डोळे, अशी त्याची बैठक असे. त्याचे पाव करपत ते यामुळे.

दोघांचेही केस पिकल्यावर मंडळाने मैदानाला कमान बांधली. तिच्यावर चॅम्पियनचं नाव घालायचं ठरलं आणि पाववाल्याने हरकत घेतली. "पळून जिंकलेल्याचं नाव लावता? एक दिवस पळताना दाखवतोच तुम्हाला." तेव्हा शहानिशा करायला सेक्रेटरी स्वतः आमच्या गल्लीत आले. गल्लीला उतार आहे आणि उताराच्या तळाशी कालवा. चॅम्पियन आणि त्याची बायको लेकीच्या मुलीला बाबागाडीतून फिरवत होते.

"नेमकं चालायचं कसं, ते जरा दाखवता?" सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, गाडी धरा नीट," बायको म्हणाली.

"धरलीये ना गं!" म्हणत त्याने दोन्ही हात सोडले. हात कोपरात दुमडल्याशिवाय ती चाल दाखवता येत नाही.

गाडी निघाली. चॅम्पियन मागे निघाला, टाच आधी.

"अहो, पळा! पळा की!"

तो पळणारच होता. तसं तो आजही शपथेवर सांगतो. पण तेवढ्यात त्याची नजर पायरीवर उतरलेल्या पाववाल्यावर गेली. पाववाला ओणवा होऊन त्याचे बूट बघत होता. शेजारी सेक्रेटरीही ओणवे झाले होते. गाडीकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं. चॅम्पियनने गुडघा ताठ केला.

बायकोने चपला भिरकावल्या. गुडघेदुखीमुळे एरवी जिना चढताना देव आठवणारी ती बाई नवऱ्याला मागे टाकून सुसाट गेली आणि कालव्याच्या अगदी काठावर तिने गाडीचा दांडा पकडला. नात टाळ्या पिटत होती. तिला अजून हवं होतं.

चॅम्पियन पोचला तेव्हा त्याला धापसुद्धा लागली नव्हती. नातीकडे बघून झाल्यावर त्याने बायकोच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"दोन्ही पाय उचललेस तू," तो म्हणाला.

"उचलले," ती म्हणाली. "बाद करा मला." आणि गाडी घेऊन चढाला लागली.

वर पाववाल्याने हरकत मागे घेतली. "नाही पळाला. नात कालव्यात चालली होती, तरी नाही पळाला. माझीच चूक," असं त्याने गहिवरून सांगितलं. सेक्रेटरींचेही डोळे पाणावले. नियमावर अशी निष्ठा त्यांनी पाहिली नव्हती. कमानीवर नाव लागलं, ठळक अक्षरांत.

उद्घाटनाला बायको नव्हती. ती त्याच दिवसापासून लेकीकडे राहायला गेली आहे; गाडी ढकलायला तिथे भरवशाचं माणूस हवं होतं. पाववाल्याने पहारा सोडलाय, पाव बरे लागतात. चॅम्पियन रोज सकाळी बायकोची समजूत घालायला निघतो. ताठ गुडघ्याने तो कोपऱ्यावर दिसला, की ती नातीला गाडीत घालते आणि मागच्या दाराने पुढे होते. तिला गाठायचं तर त्याला पळावं लागेल.