थर्मोस्टॅटवरची चिकटपट्टी

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या त्या भाड्याच्या घरात थंडीपेक्षा मला घराच्या लहरीपणाचा राग यायचा. रेडिएटर तापले की स्वेटर काढून फेकावासा वाटे, आणि अर्ध्या तासात ते असे गार पडत की तोच स्वेटर शोधत फिरावं लागे. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. लेक आठ महिन्यांची होती, माझी बाळंतपणाची रजा संपली होती आणि नर्सरीत एप्रिलपर्यंत जागा नव्हती. म्हणून नागपूरहून सासूबाई आल्या होत्या. त्या एप्रिलपर्यंत राहिल्या तरच माझी नोकरी टिकणार होती.

नवऱ्याचा उपाय ठरलेला. घरात शिरला की पॅसेजमधल्या थर्मोस्टॅटचा आकडा थेट तीसवर. पंख्याचा रेग्युलेटर पाचवर नेला की पंखा जोरात फिरतो, तसं घरही झपाट्याने तापेल अशी त्याची समजूत. हा आकडा वेगाचा नाही, कुठे थांबायचं त्याचा आहे, हे मी त्याला सांगून सांगून थकले. शेवटी एका शनिवारी घरमालकाकडून त्या यंत्राची पुस्तिका मागवली आणि चहाचा कप गार होईपर्यंत वाचत बसले.

रेडिएटरचं पाणी तापवणारा बॉयलर तासाभरात किती वेळा पेटावा, हे थर्मोस्टॅटच्या पोटात ठरवून ठेवलेलं असतं. आमच्याकडे तीनदा होतं. गॅसच्या बॉयलरला सहादा बरं, असं पुस्तिका म्हणत होती. एकदा पोटभर जेवण आणि मग उपास, त्यापेक्षा थोडं थोडं पण वेळच्या वेळी, असा तो प्रकार. रात्री दोन बटणं एकदम दाबून धरून मी तिनाचे सहा केले आणि नवऱ्याचा तीसचा आकडा एकवीसवर आणला. रविवारी दुपारी हाउन्सलोला मित्रांकडे जायला निघेपर्यंत घर एकसारखं उबदार होतं. सासूबाई म्हणाल्या, "आज बरं वाटतंय हो घरात." मी दिवसभर मिरवत होते.

सोमवारी संध्याकाळी सहाला ऑफिसातून आले, तर घर गार. मंगळवारी तेच. दिवसभर ठीक असतं, चारनंतर गारठा सुरू होतो, असं सासूबाईच सांगत होत्या. थर्मोस्टॅट बघितला तर आकडा जिथल्या तिथे, एकवीस. मला एकच अर्थ सुचला. सासूबाईंना खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची जुनी सवय होती. दिवा, टीव्ही, चुकून माझा कॉम्प्युटरसुद्धा. तेव्हा हीटिंगही त्याच बंद करत असणार, आणि माझी चाहूल लागली की पुन्हा लावत असणार. तोंडावर विचारायची माझी हिंमत नव्हती. बुधवारी सकाळी निघताना मी थर्मोस्टॅटच्या बटणांवर चिकटपट्टीचे दोन पट्टे लावले आणि काही न बोलता ट्रेन पकडली.

त्यांनीही काही विचारलं नाही. शुक्रवारी जेवताना मुलाला म्हणाल्या, "माझं तिकीट थोडं अलीकडचं करून मिळतं का बघ. इथली थंडी सोसत नाही मला." नवरा म्हणाला, सोमवारी एजंटला फोन करतो.

शनिवारी संध्याकाळी मी किरकिरणाऱ्या लेकीला खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या घालत होते. तिचे हात गार, माझे पाय गार, आणि थर्मोस्टॅट घराचं तापमान तेवीस दाखवत होता. मी त्यावर तळवा ठेवला. ते डबडं चक्क कोमट होतं, त्याच्या मागची भिंतसुद्धा. खाली बघितलं तर टेलिफोनच्या फळीवर देव, आणि देवांपुढे सासूबाईंनी नागपूरहून आणलेली समई, पाच वाती लावलेली. डिसेंबरात चारलाच अंधारतं, म्हणून दिवेलागणही चारला. समईची सगळी ऊब थर्मोस्टॅट खात होता आणि घर तापलं असं समजून बॉयलर बंद ठेवत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी केलं होतं. त्यात देव त्या फळीवर मांडले होते तेही मीच, बाहेरच्या खोलीतल्या गालिच्यावर तेल सांडेल या भीतीने. तोवर आम्ही दोघं विजेच्या दिव्यावरच देवांचं भागवत होतो.

सासूबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. मी दारातच उभी राहिले. "आई, चूक माझी होती. मला वाटलं, हीटिंग तुम्ही बंद करता."

"कळलं होतं मला. पट्टी बघितली तेव्हाच."

"मग विचारलं का नाहीत?"

"काय विचारणार गं," त्या पोळी उलटत म्हणाल्या. "घर तुझं आहे."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लेकीला घेऊन तिथेच खुर्चीवर बसले आणि रडले. त्यांनी गॅस बारीक केला, लेकीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "राहते मी. रडू नकोस." त्याच संध्याकाळी देव बाहेरच्या खोलीत गेले, समईखाली ताट आलं आणि मी पट्ट्या सोलून काढल्या. सोमवारी नवऱ्याने एजंटला फोन केला नाही.

एप्रिलपर्यंत त्या राहिल्या. घर छान उबदार असायचं, तरी एखाद्या दुपारी कडक गारठा पडला की ऑफिसात फोन यायचा. "अगं, एक आकडा वाढवला तर चालेल का?" मी म्हणायची, "आई, विचारताय काय, वाढवा ना." त्या बरं म्हणून फोन ठेवायच्या. संध्याकाळी मी घरी पोचले की आकडा एकवीसवरच असायचा, आणि सासूबाई नवऱ्याचा जुना कोट अंगावर घेऊन माझी वाट बघत बसलेल्या असायच्या.