धीर देण्याच्या कामी मामांची नेमणूक

माझ्या बायकोच्या मामांइतका निराश माणूस देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर आजवर झाला नाही आणि पुढे होणारही नाही. हे वाक्य मामांना वाचून दाखवले, तर त्यावरही ते मान हलवून म्हणतील, "होतलो. ह्याच्यापेक्षा वायट होतलो." मिठबावात त्यांची आंब्याची बाग आहे. बागायतदाराने 'यंदा काय खरां नाय' म्हणायचे, ही तर आमच्याकडची रीतच. कलम फळांनी वाकले तरी कोणी तोंडाने कबूल करत नाही, उगाच दृष्ट लागायची. पण बाकीचे रीत म्हणून म्हणतात, मामा मनापासून म्हणतात. मोहर आला की, "इलो म्हणजे गळतलो." नाही गळला की, "आता माकडां येतली." एका वर्षी माकडेही आली नाहीत, तेव्हा मामा दोन दिवस सुन्न होऊन ओटीवर बसले होते. "जावईबापू, माकडांनी सुद्धा तोंड फिरवल्यानी. आंबो कसलो असतलो बघा!" माझ्या लग्नाला ते भर दुपारी बॅटरी घेऊन आले होते, कारण लाईट जाणार. लाईट गेली नाही. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत मात्र नवरानवरीच्या मागे पेटलेली बॅटरी धरून, छताकडे संशयाने बघणारे एक गृहस्थ उभे आहेत. आशीर्वाद देताना ते माझ्या कानात म्हणाले होते, "जमलो तर करा संसार."

तर अशा या माणसाची, करोनाच्या पहिल्या वर्षी, गावाने लोकांना धीर देण्याच्या कामावर नेमणूक केली.

झाले असे, की मुंबईहून आणि बोटींवरून आलेल्या लोकांना कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या बागेतल्या मांगरात, तर कोणाला शाळेत वेगळे ठेवले होते. एकटे बसून माणसे घाबरायला लागली, म्हणून त्यांना रोज सकाळी मोबाईलवर धीराचा मेसेज पाठवावा असे ठरले. ते ठरवायच्या सभेला मामा गेले नव्हते, कारण सभा होणारच नाही याची त्यांना खात्री होती. सभा झाली, आणि गैरहजर माणसाच्या गळ्यात काम घालायच्या आमच्या जुन्या पद्धतीप्रमाणे ते मामांच्या गळ्यात पडले. शिवाय मामा तालुक्याच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले; बोलतात मालवणी, पण लिहायला बसले की थेट सरकार लिहिते. आरोग्यसेविका आठ जणांचे नंबर आणि एक तयार मजकूर ओटीच्या कडेला ठेवून गेली. 'घाबरू नका. सकारात्मक विचार करा. आम्ही तुमच्या सोबत आहोत.'

मामांनी मला मालवणात फोन लावला. "जावईबापू, 'आम्ही' म्हणजे कोण? घरात मी एकटो आसंय. तुमची मामी तिकडे गोव्यात अडाकली. माझ्या सहीन खोटां कसां जातला?" मामी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि मागे गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका बंद झाला होता. मी म्हटले, मामा, पाठवून द्या, कोण सही बघतो? दुसऱ्या दिवशी आठही जणांना मेसेज गेला. 'आपणांस कळविण्यात येते की, घाबरू नये अशा सूचना आहेत. आम्ही आपल्या सोबत आहोत, असेही वरून कळविण्यात आले आहे. प्रत्यक्षात निम्नस्वाक्षरीकार स्वतःच घरी एकटा आहे. माहितीस्तव सादर.' त्याची एक प्रत मला आली. पुढेही प्रत्येक मेसेजची प्रत मला येत राहिली. "उद्या कायव झाला तर पुरावो आसांदे," हे कारण. शाळेतले लोक ते मेसेज एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले. भिंतीकडे तोंड करून पडलेली माणसे सकाळी सातपासून 'आज मामा काय म्हणतत' म्हणून फोन धरून बसू लागली. सात जणांचे असे बरे चालले होते. आठव्याकडून मात्र काहीच येत नव्हते.

आठवा म्हणजे खालच्या वाडीतला बाबल. परदेशी बोटीवर कुक. त्याच्याच केबिनमधला सोबती परतीच्या वाटेवर वारला होता, आणि बाबल घरी आला तो माळ्यावर चढला. चौदा दिवस संपले, तपासणी झाली, सगळे ठीक निघाले, तरी तो खाली उतरेना. बायको ताट जिन्यावर ठेवायची आणि तसेच भरलेले परत उचलायची. एके दिवशी ती मामांच्या आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे येऊन उभी राहिली. "मामानू, तेंका कायतरी बरां लिवा हो. चार दिवस पेजेचो घोट पोटात नाय." मामांनी मला फोन केला, तेव्हा त्यांचा आवाज मी प्रथमच घाबरलेला ऐकला. निराश माणूस घाबरत नाही. त्याला सगळे आधीच माहीत असते. "बरां म्हणजे काय लिवू, जावईबापू? माका ता येत नाय. जल्मात केलंय नाय."

सकाळभर ते लिहीत आणि खोडत होते. शेवटी दुपारी जे गेले, ते असे: 'विषय: बांगड्याचे तिखले. पत्नी परराज्यात असल्याने निम्नस्वाक्षरीकाराने आज सदर पदार्थ स्वतः केला. तिरफळे उखळात कुटून घातली. पदार्थ कडू झाला असून खाण्यास अयोग्य आहे. मांजरानेही नाकारला. उपासमार संभवते.'

मी कपाळाला हात लावला. न जेवणाऱ्या माणसाला हे पाठवायचे? पण तासाभराने बाबलचे उत्तर आले. कित्येक दिवसांत त्याने कोणाशी काढलेला तो पहिला शब्द. 'मामानू, तिरफळाची बी काढलात?'

'बी काढण्याबाबत सूचना प्राप्त नव्हत्या.'

'अरे देवा! बी टाकूची. टरफला नुसती ठेचूची. आणि शेवटाक घालूची.'

त्यानंतर मामांच्या स्वयंपाकघरातून रोज एका अपघाताची खबर जाऊ लागली. सार फुटले. भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला, 'हे एकाच भांड्यात कसे घडले याची चौकशी चालू आहे.' बाबल उत्तरे देत राहिला, आधी दोन शब्दांत, मग रागाने, मग पानभर. जिन्यावरच्या ताटातली पेजही अर्धीमुर्धी संपू लागली. मामा मुद्दाम बिघडवत होते का, असे मला आजही लोक विचारतात. मी मामांच्या हातचा भात खाल्ला आहे. मुद्दाम इतके बिघडवता येत नाही.

घावण्यांपाशी मात्र बाबलचा धीर सुटला. पीठ किती पातळ, हे तो तीन दिवस लिहून सांगत होता आणि मामांची घावणी तीन दिवस तव्याला चिकटत होती. चौथ्या दिवशी सकाळी तो धाडधाड जिना उतरून स्वयंपाकघरात आला. चुलीपुढे बसलेल्या बायकोला म्हणाला, "सर गो वायच. तव्याचो फोटो काढूचो आसा. त्या म्हाताऱ्याक लिवान कळत नाय." त्याने पीठ कालवले, चार घावणी घातली, फोटो काढले. आणि ती चारही घावणी तिथेच, उभ्या उभ्या खाल्ली. बायको पदर तोंडाला लावून परसात निघून गेली.

महिनाअखेरीस आरोग्यसेविकेच्या तक्त्यात 'मनःस्थितीत सुधारणा' असा एक रकाना होता. मामांनी आठही नावांपुढे 'नाही' लिहिले. मी म्हटले, "मामा, बाबल खाली उतरला ना?" "उतारलो तो आपलो आपण. माझा काय? माझ्या रांधपान त्याच्या डोक्याक उलटो तापच झालो." पुढे बाबल भेटला, तर तो छाती फुगवून सांगत होता, "त्या म्हाताऱ्याक मी जगवलंय हो. नायतर तो उपाशी मेलो असतो." दोघांपैकी कोणाचाही गैरसमज मी दूर केला नाही.

आता मामी घरी आहेत, जेवण ताळ्यावर आहे, आणि बाबल पुन्हा बोटीवर गेला आहे. मामांना मेसेज पाठवायला आता कोणीच सांगितलेले नाही. गेल्या आठवड्यात मी मिठबावला गेलो, तर ओटीवर फोन समोर धरून बसलेले. पाच दिवसांपूर्वी बाबलला पाठवलेल्या मेसेजवर एकच खूण होती.

"पोचलो नाय," मामा म्हणाले. "पोचाचो पण नाय. भर समुद्रात कसली रेंज?"

"मग ठेवा तो फोन, मामा. चहा निवतोय."

"ठेवतंय," ते म्हणाले, आणि चष्मा पुसून फोन आणखी जवळ धरला.