मामींच्या गाडीची चाचणी

जगातली कुठलीही वस्तू पहिल्या तपासणीत पास होण्याच्या लायकीची नसते, असं अगदी मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बराकपूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासण्याचं काम केलं. तयार होऊन आलेला प्रत्येक नग ते मोजत, ठोकत, कानाशी नेऊन ऐकत आणि मग खिशातल्या खडूनं त्यावर खूण करत. बरोबरची खूण म्हणजे पास, फुली म्हणजे परत. त्यांच्या हाताखालचे लोक सांगत, की साहेबांचा खडू निम्म्याहून जास्त फुल्या मारण्यातच झिजायचा. ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं सुटकेचा निःश्वास सोडला असेल, पण खडू मात्र त्यांच्याबरोबर कलकत्त्यातल्या बालीगंजच्या घरी आला. नारळावर फुली, कलिंगडावर फुली, सुताराने दुरुस्त करून आणलेल्या खुर्चीवर फुली. दिवाळीत मामींनी केलेली चकली ते उजेडाकडे धरत आणि वेढे मोजत. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ते मुद्दाम कलकत्त्याहून पुण्याला आले, मला उभं केलं, चालायला लावलं, चष्मा काढून पंचांग वाचायला लावलं आणि माझ्या सासऱ्यांना निकाल सांगितला, "किरकोळ दोष आहेत, पण चालेल." त्या वेळी मला राग आला होता. पुढे बँकेनं माझी बदली कलकत्त्याला केली, मामांच्या घरी येणं-जाणं वाढलं, आणि त्या "चालेल"मध्ये केवढा बहुमान होता ते मला कळलं.

मामांच्या घराण्याच्या तीन पिढ्या कलकत्त्यात गेलेल्या. घरी मराठी बोलत, पण पाहुण्याला "पाणी खाणार का?" असं विचारत, कारण बंगालीत पाणी खातात. अंगानं मामा उंच, पाच फूट अकरा इंच, आणि चाल अशी की बरोबर निघालेल्या माणसानं धावतच सुटावं. मामी ठेंगण्या, गोलसर आणि सावकाश. लग्नानंतर दोघं कधी शेजारी-शेजारी चालल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मामा वीस पावलं पुढे. कोपरा आला की थांबत, घड्याळ बघत, आणि मामी धापा टाकत जवळ पोचल्या की लगेच पुढे निघत. त्यामुळे वाटेतली सगळी विश्रांती मामांनाच मिळायची. मामी म्हणत, "अहो, मी तुमच्याबरोबर आलेय की तुमच्या मागावर?" पण त्यांची खरी सत्ता चाले ती गरियाहाटच्या बाजारात. टोपलीकडे नुसतं एकदा बघायच्या, हात घालायच्या, आणि त्यातली चार उत्तम वांगी वर यायची. मामांना पासष्ट वर्षांत जे जमलं नाही, ते ही बाई भाजीवाल्याशी गप्पा मारता मारता करायची.

अशा मामी एका दुर्गापूजेच्या सुमाराला न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. दोन-अडीच महिने अंथरुणात काढल्यावर त्या भिंतीला धरून घरात चालू लागल्या. काठी एका हातात पेलवेना. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की दोन्ही हातांना आधार मिळेल असं काहीतरी चाकांचं साधन घ्या आणि हिवाळा संपायच्या आत यांना रस्त्यावर चालवायला लागा. एकदा पाऊस सुरू झाला, गल्लीत गुडघाभर पाणी तुंबलं, की बाहेर पडणं होणार नाही, पाय आखडेल, आणि मग या कायमच्या घरात. मामींना डॉक्टरांचं बोलणं दाराआडून ऐकू आलं होतं. त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, मला काही काशीयात्रा करायची नाहीये. टोपलीपुढे उभं राहून माझ्या हातानं वांगं निवडायचंय, बस्स. यांनी आणलेली भाजी खाऊन आम्ही दोघं वाळलो." ते खरंच होतं. मामा रोज बाजारात जात, प्रत्येक टोपलीतला माल नापास करत आणि बटाटे घेऊन परत येत. बटाट्याच्या बाबतीत त्यांचे निकष जरा सैल होते.

दुसरा कुणी असता तर दुकानात जाऊन मिळेल ते घेऊन आला असता. मामांनी आधी एक वही घातली. पहिल्या पानावर घरापासून बाजारापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा. फूटपाथ कुठे उखडलाय, कुठे पाण्याचा नळ सदैव वाहतो, कुठे पानवाल्याचं फळकूट आडवं येतं, कोणता कुत्रा कुठे आणि किती वाजेपर्यंत झोपतो, सगळ्याची नोंद. ट्रामच्या रुळातली खाच त्यांनी भर रहदारीत उकिडवं बसून मोजली. मागे ट्राम येऊन थांबली, ड्रायव्हर पायाखालची घंटा बडवत राहिला, आणि मामा हात वर करून त्याला म्हणाले, "दाराओ!" म्हणजे थांब. त्या मोजमापातून निष्कर्ष निघाला, की चाक खाचेपेक्षा जाड हवं, नाहीतर मामी रुळात अडकतील आणि थेट डेपोत पोचतील.

मग वस्तूंची तपासणी सुरू झाली. मामींना रस्त्यावर धोक्यात घालायचं नाही म्हणून प्रत्येक चाचणी मामा स्वतः देत. वैद्यकीय सामानाच्या दुकानातून त्यांनी आधी चार पायांची एक लोखंडी चौकट परीक्षेसाठी आणली. तिला चाकं नव्हती. ती उचलून पुढे ठेवायची, एक पाऊल टाकायचं, परत उचलायची. मामा ती घेऊन आठ दिवस रस्त्यावर हिंडले. ट्राममध्ये लोक त्यांना "बोशून दादू, बोशून" म्हणत उठून जागा देऊ लागले. पहिल्या दिवशी मामांना त्याचा संताप आला, चौथ्या दिवसापासून ते खिडकीजवळची जागा मागू लागले. शेवटी "ही चालायची वस्तू आहे की वाहायची?" असं म्हणून त्यांनी चौकटीवर फुली मारली. पण तोवर आपल्या मराठी मंडळींत बातमी पसरली होती, की मामांना अर्धांगवायू झाला. माणसं मोसंबी घेऊन भेटायला येऊ लागली. मामा आरामखुर्चीत बसून त्यांना ट्रामची खाच समजावून सांगत, आणि मामी भिंतीला धरत धरत आतून चहा आणत. निघताना पाहुणे हळूच मामींना म्हणत, "सांभाळा हो त्यांना. आता सगळं तुमच्यावरच आहे." मामी म्हणत, "नवीन काय त्यात?"

त्यानंतर रसेल स्ट्रीटवरच्या लिलावातून एक जुनी बाबागाडी आली. कुणा साहेबाच्या बाळाची असावी, वर छत, खाली स्प्रिंगा, आणि चाकं खाचेपेक्षा जाड. मामा खूष झाले, म्हणजे त्यांनी नाक मुरडलं नाही. भार पेलते का बघायला त्यांनी आत घरातला वरवंटा आणि दोन विटा ठेवल्या, गाडीला ओरखडे पडू नयेत म्हणून त्या जुन्या पंच्यात गुंडाळल्या, आणि सकाळी सात वाजता बालीगंजच्या फूटपाथवरून गाडी ढकलत निघाले. पासष्टीचा उंच गृहस्थ बाबागाडी नेतोय म्हटल्यावर समोरच्या घरातली एक वृद्ध बंगाली बाई कौतुकानं पुढे आली. नातू का नात असं विचारत तिनं पंच्याचं टोक बाजूला केलं आणि "ओ मा! ए तो पाथोर!" अशी किंकाळी फोडली. चार माणसं जमली. मामा शांतपणे त्यांना म्हणाले, की हा दगड तात्पुरता आहे, पुढे इथे भाजी येईल. त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. उतारावर गाडी आपोआप पळते, ब्रेक नाही, या कारणासाठी तिच्यावरही फुली पडली, आणि वरवंटा स्वयंपाकघरात परत आला.

यात फेब्रुवारी गेला, मार्च आला. हवा तापू लागली. मामी खिडकीशी बसून गल्लीकडे बघत असत. पूर्वी त्या मामांची थट्टा करत, आता नुसत्या "झालं का?" असं विचारत, आणि मग तेही विचारेनाशा झाल्या. एकदा मी न राहवून मामांना बोललो, "मामा, थोडं कमी-जास्त असलं तरी घेऊन टाकू या ना." ते माझ्यावर उखडले. "जावईबापू, ही पडली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो. धप्प आवाज ऐकला. तो आवाज मला परत ऐकायचा नाही. कमी-जास्त चालणार नाही." इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होतो, आणि हा माणूस घाबरलेला होता.

अखेर मामांनी स्वतःच गाडीचं चित्र काढलं आणि लोकलनं बराकपूरला जाऊन ते आपल्या जुन्या कारखान्यातल्या नस्कर मिस्त्रींच्या हवाली केलं. मिस्त्रीही निवृत्त झालेले, अंगणात भाता आणि शेगडी टाकून बसलेले. ऐन चैत्रात एका रविवारी ते स्वतः गाडी घेऊन आले. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार जाड रबरी चाकं, पुढे भाजीसाठी कॅनव्हासची पिशवी, दमल्यावर टेकायला फळी, सायकलची घंटी, आणि मूठ दाबून धरली तरच सुटणारा ब्रेक. आम्ही सगळे अंगणात जमलो. मामींनी इस्त्रीचं पातळ नेसलं होतं, हातात बाजाराची छोटी पिशवीसुद्धा घेतली होती. त्या पायरी उतरून गाडीजवळ गेल्या, आणि हँडल धरायला त्यांना हात वर करावे लागले. हँडल त्यांच्या हनुवटीच्या जरासं खाली आलं होतं.

नस्कर मिस्त्री आधीच हात जोडून म्हणाले, "साहेब, ड्रॉइंगमें जो था वही बनाया. एक सूत इधर-उधर नहीं." मामांनी घाईघाईनं वही उघडली. एकेचाळीस पानं. ट्रामची खाच होती, फूटपाथचा उतार होता, कुत्र्याची झोप होती. "वापरणाऱ्याची उंची" असंही एक कलम होतं, आणि त्यापुढे मामांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, पाच फूट अकरा इंच. सगळ्या चाचण्या त्यांनीच दिल्या होत्या, तेव्हा माप त्यांचंच लिहिलं गेलं. जगातला नगन् नग मोजणाऱ्या या माणसानं अडतीस वर्षांच्या संसारात बायकोला कधी मोजलं नव्हतं. मामांचा चेहरा असा उतरला, की मला तिकडे बघवेना. मामीच हसल्या. "अहो, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा भटजी म्हणाले होते, मुलीला पाटावर उभी करा. तेव्हाच लिहून ठेवायचं ना!"

मामांनी खिशातून टेप काढला. मामींना दाराच्या चौकटीशी उभं केलं. "अगं, मान सरळ. टाचा टेकव." त्यांच्या डोक्यावर पट्टी धरून त्यांनी चौकटीवर खडूनं रेघ ओढली, मग कोपराशी एक रेघ, मग मनगटाशी. चार फूट दहा इंच. मामांनी तो आकडा दोनदा मोठ्यानं वाचला. "इतकीच?" असं ते स्वतःशीच पुटपुटले, आणि मामी म्हणाल्या, "इतकीच. वीस पावलं पुढून आणखी लहान दिसत असेन." मिस्त्रींनी तिथेच व्हरांड्यात करवत काढून नळ्या कापल्या. त्याच संध्याकाळी मामी गरियाहाटला आपल्या पायांनी गेल्या. ब्रेकची मूठ इतकी कडक होती की गाडी हलेचना, तेव्हा मामींनी ती पातळाच्या चिंधीनं दाबून बांधली आणि ब्रेक कायमचा सोडवून टाकला. मामा सवयीनं वीस पावलं पुढे गेले, तोच मागून घंटी वाजली. ते थांबले. पुन्हा पुढे, पुन्हा घंटी. चौथ्या घंटीनंतर ते मामींच्या शेजारून चालू लागले. भाजीवाल्यानं "माशीमा!" म्हणजे मावशी, अशी हाक मारत टोपलीच उचलून पुढे केली, आणि मामींनी एका नजरेत चार वांगी काढली. मामांनी त्यातलं एक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि काहीएक न बोलता पिशवीत टाकलं.

पुढे तीन हिवाळे ती गाडी रस्त्यावर होती. मामी अधूनमधून विचारत, "अहो, माझी गाडी पास कधी व्हायची?" मामा म्हणत, "चाचणी चालू आहे." त्यांनी गाडीवर फुली मारली नाही, आणि दुसरी खूणही केली नाही. चौथ्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या.

माझी नागपूरला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. सकाळची वेळ होती, मामा गल्लीच्या तोंडाशीच भेटले. गुडघ्यांनी दगा दिला होता आणि ते मामींची गाडी धरून बाजाराला निघाले होते. हँडल त्यांच्या मांडीशी येत होतं, त्यामुळे तो ताठ माणूस पार कमरेत वाकला होता. हँडलवर खडूची बरोबरची खूण होती, ताजी. खडू लोखंडावर टिकत नाही, एका फेरीत पुसून जातो, म्हणजे ती रोज नव्यानं काढली जात असणार. मामींच्या डोळ्यांसमोर ती कधी काढली होती का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी एवढंच म्हणालो, "मामा, मिस्त्रींना सांगून नळ्या वाढवून घेऊ या. तुमची पाठ मोडेल अशानं."

मामांनी वाकूनच माझ्याकडे बघितलं.

"नको, जावईबापू," ते म्हणाले. "मापात आहे."