बुटातला पुठ्ठा

समस्त सोलापूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या शाळेत एकही गरीब विद्यार्थी नाही.

हे मी म्हणत नाही. आमच्या प्रिन्सिपल मॅडम स्टाफ मीटिंगमध्ये उभ्या राहून म्हणाल्या. त्यामुळे गरीब बाहेरून शोधावे लागले. ते जवळच्या वळसंग गावातल्या शाळेत सापडतील असं ठरलं. आमच्या मुलांनी त्यांच्यासाठी घरून चांगले बूट आणायचे, असा उपक्रम निघाला. मी पीटी टीचर, म्हणून बुटांचं खोकं माझ्या स्पोर्ट्स रूममध्ये.

तिसऱ्या दिवशी जोड मोजले. आकडा बरोबर. पण वरच ठेवलेला कोरा पांढरा जोड गायब आणि त्याच्या जागी एक जुना. पॉलिश झकास. उलटा केला तर तळाला भोक आणि आतून पुठ्ठा. पुठ्ठा चादरीच्या खोक्याचा, सोनेरी अक्षरांचा.

शिपायाने ही बातमी माझ्या आधी मॅडमना पोचवली.

"सर, ही चोरी आहे. उद्या असेंब्लीत सगळ्यांचे बूट तपासा."

"मॅडम, चोर आपली वस्तू मागे ठेवून जातो का?"

"उद्या," मॅडम म्हणाल्या.

आता धंद्यातलं एक गुपित. बूट सगळीकडून सारखा झिजत नाही. पळताना कुणी पावलाच्या आतल्या कडेवर भार टाकतं, कुणी बाहेरच्या. हा जोड बाहेरच्या कडेने झिजला होता, उजवा जास्त. रिलेत शेवटचा टप्पा पळणारी नववीतली सई अशीच पळते. दोन वर्षं मी तिच्या त्या उजव्या पायावर ओरडतोय. सई चादरीच्या कारखानदाराची मुलगी. मागच्या वर्षी आमची बक्षिसं तिच्या वडिलांच्या हस्ते वाटली होती. कारखाना बंद पडल्याची कुजबुज कानावर आली होती, पण सईच्या गणवेशाची इस्त्री इतकी कडक, की मी ती खरी मानलीच नाही.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. रडेल असं वाटलं होतं. ती वादाला तयार होऊन आली होती.

"सर, जोड तेवढेच आहेत की. एक घेतला, एक ठेवला." मग तिचा आवाज खाली गेला. "पप्पांना सांगू नका. त्यांना वाटतं, माझे बूट अजून चांगले आहेत."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेसमोर तिच्या पायातून तो जोड निघणार होता.

मी तडक केबिनमध्ये गेलो आणि गुन्हा कबूल केला. माझा. जोड मीच काढला, म्हणालो, रिले टीमच्या ट्रायलसाठी. हा 'शू रोटेशन प्रोग्रॅम' आहे. खेळाडूंनी जुने बूट खोक्यात टाकायचे आणि त्यातलाच दुसरा जोड घालायचा. त्याने पाय तयार होतात. इतकं धडधडीत खोटं मी स्वतःचं लग्न जमवतानाही बोललो नव्हतो. आधी का सांगितलं नाही, असं मॅडमनी विचारलं. म्हटलं, रिपोर्ट इंग्रजीत लिहीत होतो. मॅडमचा चेहरा उजळला. तपासणी रद्द झाली आणि प्रोग्रॅम सगळ्या टीमना सक्तीचा झाला.

पहिल्याच आठवड्यात आणखी चार जोडांत पुठ्ठे निघाले. त्यातला एक रोज कारमधून उतरणाऱ्या मुलाचा. एकही गरीब नसलेल्या शाळेसाठी हे जरा जास्तच झालं. रिले आम्ही हरलो, सई नव्या बुटातही बाहेरच्याच कडेने पळाली, आणि मी एवढं शिकलो की पीटी टीचरने मुलांच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये, बुटाच्या तळावर ठेवावा.

ते पाच जोड मी कपाटात बाजूला ठेवले होते. पण मॅडमनी जोडांचा आकडा बॅनरवर छापून घेतला होता. आकडा भरेना, तेव्हा शिपायाने ते पाचही परत खोक्यात घातले.

वळसंगला मांडव होता, माइक होता, गरिबीवर मॅडमचं भाषण होतं. पहिला जोड आठवीतल्या एका मुलीला मिळाला. तिच्या पायात स्वतःचे बूट होते, चांगले धडधाकट. तिने मिळालेल्या बुटात हात घातला, पुठ्ठा ओढून बाहेर काढला आणि भोकातून मॅडमकडे पाहिलं. मग माइकशेजारीच उभ्या असलेल्या आपल्या बाईंना म्हणाली, ते मांडवभर ऐकू गेलं:

"बाई, ह्यांच्या शाळंत पोरास्नी बूट न्हाईत व्हय? आपुन देऊ की."